ग्वांगझौमधली एक सील केलेली खोली आणि चीन-आफ्रिका भाईचारा

इचलकरंजीकर :

नमस्कार मंडळी. चीनच्या आफ्रिकेतल्या गुंतवणुकीवर परवा इथे चर्चा चालू होती. रेल्वे, खाणी, कर्ज सगळं आलं, पण कातडीच्या रंगाबद्दल कोणीच बोललं नाही. तिथे दोन ओळी खरडल्या, समाधान झालं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी नऊ वर्षं ग्वांगझौला होतो. धंदा कापडाचा. झोंगदाच्या बाजारातून लेस, बटणं, झिपा घ्यायच्या आणि मुंबईला कंटेनर पाठवायचा. राहायला मात्र श्याओबेईपासून दहा मिनिटांवर होतो, कारण तिथे डाळी मिळायच्या, हलाल मटण मिळायचं आणि भाडं परवडायचं. श्याओबेई ही आफ्रिकी व्यापाऱ्यांची पेठ. थिआनशिऊ नावाची एक उंच इमारत आहे, तिच्या खालच्या मजल्यांवर गाळ्याला गाळा लागलेला : जीन्स, केसांचे टोप, मोबाइलची कव्हरं, सौर दिवे. दिवसभर खाकी चिकटपट्टी टर्रकन ओढून खोकी बांधल्याचा आवाज. खोक्यांवर जाड मार्करनं लिहिलेलं असायचं, लागोस, बामाको, किन्शासा. या भागाला चिनी लोकांत नाव पडलं होतं, 'चॉकलेट सिटी'.

माझ्या शेजारच्या खोलीत एक नायजेरियन गृहस्थ राहायचे, इग्बो जमातीचे. मी त्यांना ओगा म्हणायचो, त्यांच्याकडे मोठ्या माणसाला, मालकाला तसं म्हणतात. सानयुआनलीच्या बाजारातून जीन्स घ्यायचे. कँटोनीज, म्हणजे तिथली बोली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. एकदा मी त्यांच्याबरोबर एका गाळ्यावर गेलो. गाळेवाली त्यांना तोंडभर हसून 'लाओबान, लाओबान' करत होती. तिकडे गिऱ्हाइकाला असंच शेठ म्हणतात. भाव तुटला, पैसे मोजून झाले, ओगा खाली हातगाडी बघायला गेले, तशी बाई आतल्या मुलीला म्हणाली, "त्या हाक-ग्वायचा माल बांध." हाक-ग्वाय म्हणजे काळं भूत. तिच्या आवाजात राग नव्हता, तुच्छतासुद्धा नव्हती. आपण 'त्या चष्मेवाल्याचा' म्हणू, तसं. मला तेच जास्त लागलं. तिथे गोऱ्यालाही 'ग्वायलो' म्हणतात, तोही भूतच. पण गोऱ्याला खोली भाड्यानं देताना त्या भुताची कोणाला भीती वाटत नाही.

आता एप्रिल २०२०. करोनाची पहिली लाट चीनमध्ये ओसरली होती आणि बाहेरून येणाऱ्या रुग्णांची धास्ती होती. आमच्याच युएश्यू भागातल्या काही नायजेरियनांची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि दोन-तीन दिवसांत हवाच बदलली. आमच्या मजल्यावर रात्री साडेदहाला पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. ओगा डिसेंबरपासून शहराबाहेर गेले नव्हते. मीही नव्हतो. जिना एक, लिफ्ट एक, पाण्याची टाकी एक. त्यांनी ओगांचा पासपोर्ट घेतला, त्यांना स्वखर्चानं हॉटेलात विलगीकरणाला नेलं आणि दारावर लाल शिक्क्याचा कागद आडवा चिकटवला. मी माझ्या दारात उभा होतो. त्यांतल्या एकानं मला विचारलं, "यिंदू?" म्हणजे भारतीय का. मी हो म्हटलं. तो म्हणाला, दार लावून घ्या. बस्स. माझी चाचणी नंतर आठ दिवसांनी झाली, सोसायटीतल्या सगळ्यांची झाली तेव्हा.

ओगांचं तरी बरं म्हणायचं. कित्येकांना घरमालकांनी रातोरात बाहेर काढलं, हॉटेलं घेईनात, माणसं पुलाखाली, फुटपाथवर सामान घेऊन झोपली. एका अमेरिकी फास्ट फूड साखळीच्या दुकानात काळ्या लोकांना प्रवेश नाही अशी पाटी लागली, मग कंपनीनं माफी मागितली. बीजिंगमधल्या आफ्रिकी राजदूतांनी मिळून परराष्ट्रमंत्री वांग यी यांना पत्र लिहिलं. तिकडे अबुजाला नायजेरियाच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती फेमी ग्बाजाबियामिला यांनी चिनी राजदूतांना समोर बसवून मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि जाब विचारला. बीजिंगचं म्हणणं होतं की भेदभाव नाहीच, सगळ्या परदेशी लोकांना सारखे नियम आहेत. मग मे महिन्याच्या सुरुवातीला ग्वांगदोंग प्रांतानं भेदभाव करू नये असे नियम काढले, दुकानं, दवाखाने, भाड्याची घरं सगळ्यांसाठी. जे नव्हतंच, त्याच्यासाठी नियम कशाला काढावे लागले?

माझं म्हणणं एवढंच. दोन्हीकडची सरकारं सत्तर वर्षं एकमेकांना भाऊ म्हणताहेत आणि त्यात खोटेपणाच आहे असं मी म्हणत नाही. पण हे भाऊपण भाड्याच्या खोलीच्या दारापर्यंत पोचत नाही. आणि 'आमच्याकडे वर्णभेद नाही' हे सरकारचं अधिकृत मत असलं की ज्याच्यावर तो होतो त्याला तक्रार न्यायला दारच उरत नाही. तुमचे अनुभव, वाचन लिहा.

रोखठोक :

इचलकरंजीकर, अनुभव मनाला भिडला. पण एक सांगा, या सगळ्याचा एवढा गाजावाजा कोण करतं? ज्यांनी चारशे वर्षं गुलाम विकले आणि १८८५ ला बर्लिनमध्ये बसून आफ्रिकेचे नकाशे वाटून घेतले, तेच ना? चीननं आफ्रिकेत वसाहत केली नाही, गुलाम नेले नाहीत. रस्ते, धरणं, इस्पितळं बांधली. आणि द्वेष एकतर्फी नाही. मे २०२० मध्ये झांबियात लुसाकाला तीन चिनी माणसांना गोदामात मारून टाकलं. त्याच सुमारास लुसाकाचे महापौर चिनी उपाहारगृहं, सलून बंद करत फिरत होते आणि चिन्यांबद्दल जाहीरपणे नको ते बोलत होते, नंतर त्यांना माफी मागावी लागली. त्यावर धागा कोण काढणार?

जुनीपाने :

रोखठोक, लुसाकाचा मुद्दा रास्त आहे, तो या धाग्यात असायलाच हवा. पण पाश्चात्त्य माध्यमांनी उकरून काढलेलं प्रकरण म्हणून हे झटकता येणार नाही. पाश्चात्त्य माध्यमांचं लक्षही नव्हतं तेव्हापासूनच्या या गोष्टी आहेत.

१९६०-६१ पासून आफ्रिकी विद्यार्थी शिष्यवृत्तीवर बीजिंगला जाऊ लागले. घानाच्या इमॅन्युएल हेवी यानं लिहून ठेवलंय की त्या वेळच्या ११८ विद्यार्थ्यांपैकी ९६ जण शिक्षण अर्धं टाकून परतले. कारणं : एकटेपणा, पाळत, राजकीय प्रचार आणि चिनी मुलींशी साधी मैत्री केली तरी त्या मुलींना होणारी शिक्षा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा येतो.

नानजिंग, २४ डिसेंबर १९८८. होहाय विद्यापीठात नाताळच्या आदल्या रात्रीचा नाच. दोन आफ्रिकी विद्यार्थी चिनी मैत्रिणींना घेऊन फाटकाशी आले. पहारेकऱ्यानं मुलींची नावं नोंदवायला सांगितली. त्यावरून बाचाबाची, मग हाणामारी, दोन्हीकडचे जखमी झाले. सकाळपर्यंत अफवा पसरली की आफ्रिकनांनी एका चिनी माणसाला मारलं. कोणी मेलं नव्हतं. पण शेकडो विद्यार्थी आफ्रिकी वसतिगृहावर चालून गेले, खोल्या फोडल्या. आफ्रिकी मुलं जीव मुठीत धरून रेल्वे स्टेशनवर पोचली, बीजिंगला आपापल्या दूतावासात जायचं म्हणून. त्यांना गाडीत चढू दिलं नाही. बाहेर हजारोंचा जमाव, 'काळ्या भुतांना हाकला' अशा घोषणा. शेवटी पोलिसांनी त्यांना नेऊन शहराबाहेर यिझेंगच्या लष्करी अतिथीगृहात ठेवलं.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की त्याच मोर्च्यांमध्ये 'मानवी हक्क हवेत', 'राजकीय सुधारणा हव्यात' असेही फलक होते. पाचच महिन्यांनी तिआनआनमेन चौकात जी पिढी उतरली, तिच्यातलीच ही मुलं. त्यांचा सरकारवरचा राग खरा होता. आठ-आठ जण एका खोलीत कोंबलेले, आणि आफ्रिकी मुलांना दोघांत एक खोली, जास्त भत्ता. तो भत्ता देणारं सरकार होतं, पण सरकारवर दगड मारता येत नव्हता. समोर काळा विद्यार्थी होता.

आणि २०१९ बघा. शानदोंग विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांना चिनी 'अभ्यासमित्र' देण्याची योजना काढली, त्यात मुली जास्त दिसल्या, आणि समाजमाध्यमांवर आगडोंब. सगळा रोख आफ्रिकी मुलांवर. विद्यापीठाला माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी परदेशी नागरिकांना कायम वास्तव्याचा परवाना देण्याचा मसुदा आला, पुन्हा तेच : 'काळे येतील, आपल्या मुली नेतील.' मध्ये तीस वर्षं गेली, चीन कुठल्या कुठे गेला, पण फाटकावरचं भांडण तेच राहिलं.

सावली :

जुनीपाने, छान लिहिलंय. पण हे मूळचं चिनी आहे की पश्चिमेकडून आलेलं? म्हणजे, एकोणिसाव्या शतकाआधी असं काही होतं का?

जुनीपाने :

सावली, दोन्ही आहे. तांग काळातल्या कथांत 'कुनलुन' नावाचे काळे गुलाम येतात. त्यांत आग्नेय आशियातले होते, आफ्रिकी किनाऱ्यावरचेही असावेत. उन्हात राबणारा तो काळा आणि सावलीत बसून लिहिणारा तो गोरा, ही समजूत तर शेतीवर जगणाऱ्या सगळ्याच समाजांत आहे, आपल्याकडेही. पण जगातल्या माणसांची प्रतवारी लावायची आणि तिला विज्ञान म्हणायचं, हे युरोपातून आलं. चीनचे सुधारक त्या काळी गोऱ्यांकडून मार खात होते. त्यांनी ती प्रतवारी नाकारली नाही, फक्त पिवळ्याला पांढऱ्याशेजारी नेऊन बसवलं.

कांग यूवेइ हा त्यातला सगळ्यात मोठा विचारवंत. त्याच्या एका ग्रंथातल्या आदर्श जगात देश नाहीत, वर्ग नाहीत, स्त्री-पुरुष समान. पण वंशांची समानता कशी आणायची? काळ्या आणि तपकिरी लोकांना थंड प्रदेशात हलवायचं, गोऱ्या-पिवळ्यांशी लग्नं लावायची, आणि काही शतकांत काळा रंग जगातून नाहीसा करायचा. त्या तपकिरी खान्यात आपण आहोत बरं का. आणि या ग्रंथावर तो काम करत होता तेव्हा राहायला कुठे होता? दार्जिलिंगला, १९०१ ते १९०३.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. १९५९ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा ९१ वा वाढदिवस बीजिंगमध्ये साजरा झाला. ऑगस्ट १९६३ मध्ये माओनं अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याला जाहीर पाठिंबा दिला. हे नाटक नव्हतं. पण त्या मांडणीत वर्णभेद हा साम्राज्यवादाचा रोग होता, म्हणजे समाजवादी देशात तो असूच शकत नाही. मुळात असूच शकत नाही म्हटल्यावर १९८८ ला तो दिसला तरी त्याला नाव काय द्यायचं?

दारेसलाममधून :

मी इथे टांझानियात अकरा वर्षं आहे, पाणीपुरवठ्याच्या कामावर. इचलकरंजीकर म्हणतात तशी दारं इथेही आहेत, पण गोष्ट थोडी वेगळी आहे. ताझारा रेल्वेबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय हा विषय अर्धाच राहील.

दारेसलाम ते झांबियातलं कापिरी म्पोशी, १८६० किलोमीटर. झांबियाचं तांबं गोऱ्यांच्या ऱ्होडेशियातून (आताचा झिंबाब्वे) न नेता समुद्रापर्यंत यावं म्हणून टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे आणि झांबियाचे अध्यक्ष कौंडा यांना ही लाइन हवी होती. जागतिक बँकेनं परवडणार नाही म्हणून हात झटकले. चीन तेव्हा स्वतः गरीब होता, तरी बिनव्याजी कर्ज दिलं आणि माणसं पाठवली. १९७० ला काम सुरू झालं, १९७६ ला रेल्वे ताब्यात दिली. कामावर मेलेल्या चिनी माणसांची दफनभूमी शहराबाहेर गोंगो ला म्बोटोला आहे. एकसारखे दगड, ओळीनं. मी एकदा गेलो होतो. माळी टांझानियन होता. त्यानं मला सांगितलं, त्याचा बाप या लाइनवर गँगमध्ये होता आणि चिनी फोरमन त्याच्यासोबत चिखलात उभा राहून फावडं मारायचा. "म्झुंगू असं कधी करत नव्हता," म्हणाला. म्झुंगू म्हणजे गोरा माणूस. मग थांबून म्हणाला, "म्हिंदीसुद्धा नाही." म्हिंदी म्हणजे आपण.

चीनचे पंतप्रधान चौ एनलाय १९६३-६४ च्या हिवाळ्यात आफ्रिकेतल्या दहा देशांत फिरले, तेव्हा त्यांनी मदतीची आठ तत्त्वं मांडली होती. आठवं तत्त्व असं की चिनी तज्ज्ञानं त्या देशातल्या तज्ज्ञासारखंच राहायचं, वेगळी सोय मागायची नाही. त्या माळ्याच्या बापानं ते आठवं तत्त्व डोळ्यांनी पाहिलं होतं. (तरी राहुट्या वेगळ्याच होत्या, एकत्र राहणं तेव्हाही नव्हतं. हे तोच म्हणाला.)

१९७१ ला संयुक्त राष्ट्रांत बीजिंगला जागा मिळाली त्या ठरावाला ७६ मतं पडली, त्यांतली २६ आफ्रिकी देशांची होती. टांझानियाचे सलीम अहमद सलीम आनंदानं सभागृहात नाचले होते. त्यामुळे इथला म्हातारा माणूस चिन्याबद्दल बोलतो तेव्हा ताझाराच्या आठवणीनं बोलतो. पोराला मात्र कारियाकूच्या बाजारात शेजारचा गाळा घेऊन आपलाच माल निम्म्या भावात विकणारा चिनी दिसतो. एकाच घरात जेवताना बापलेकांचं यावरून जुंपलेलं मी ऐकलंय.

मोगरा_नैरोबी :

आठव्या तत्त्वाबद्दल वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे त्याच्या बरोबर उलट झालं. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे २०१७ ला सुरू झाली. पुढच्याच वर्षी इथल्या वर्तमानपत्रात बातमी आली : केनियन कर्मचाऱ्यांना चिनी सहकाऱ्यांच्या टेबलावर बसून जेवता येत नाही, गाडीत त्यांच्या शेजारी बसता येत नाही, इंजिन चालवायला मिळत नाही. खूप ओरड झाली. आणि याच रेल्वेवर त्या वर्षीच्या चिनी नववर्षाच्या सरकारी टीव्ही कार्यक्रमात एक प्रहसन बसवलं होतं. त्यात चिनी नटीनं तोंडाला काळं फासून, मागे उशी बांधून, डोक्यावर फळांची टोपली घेऊन आफ्रिकी आईचं काम केलं. सोबत माकड. त्या माकडाच्या वेषात आफ्रिकी नट होता. कोट्यवधी घरांत हे 'मैत्रीचं' नाटक म्हणून पाहिलं गेलं.

रोखठोक, मी तुमचं ऐकून घेते. पण सप्टेंबर २०१८ मध्ये नैरोबीजवळ रुइरूला एका चिनी व्यापाऱ्यानं कामगाराशी भांडताना सगळ्या केनियनांना, राष्ट्राध्यक्षांनासुद्धा, माकडं म्हटलं. कामगारानं ते मोबाइलवर टिपलं आणि सरकारनं त्या व्यापाऱ्याला देशाबाहेर घालवलं. हे बीबीसीनं केलं नाही, त्या कामगाराच्या फोननं केलं.

आणि तक्रार कुठे करायची हा इचलकरंजीकरांचा प्रश्न, त्यावर २०१५ चं उदाहरण देते. किलिमानी भागातल्या एका चिनी हॉटेलात संध्याकाळी पाचनंतर आफ्रिकी माणसाला प्रवेश नव्हता. सुरक्षेसाठी म्हणे. बोभाटा झाला, मालकिणीला पकडलं. पण खटला कशाचा? परवान्याशिवाय दारू-खाणावळ चालवल्याचा! वर्णभेदाचं कलम कोणी लावलंच नाही. मालकीण भेदभावातून सुटली आणि कागदपत्रांत अडकली.

मलावीचं आठवलं की झोप उडते माझी. लिलाँग्वेजवळच्या न्जेवा गावात एक चिनी माणूस लहान मुलांना ओळीत उभं करून चिनी भाषेत शुभेच्छांचे व्हिडिओ करून घ्यायचा आणि चीनमध्ये ऑनलाइन विकायचा. वाढदिवस, लग्न, दुकानाचं उद्घाटन. मुलांना शब्दांचा अर्थ कळत नव्हता. एका व्हिडिओत त्यांच्याकडून हसत हसत म्हणवून घेतलं होतं, 'मी काळं भूत आहे, माझी बुद्धी कमी आहे.' जून २०२२ मध्ये हे बाहेर आलं, तो झांबियात पळाला, तिथे पकडला गेला. या पोरांना कोणी मारलं नाही, हाकललं नाही. त्यांना गाणं शिकवलं, खाऊचे पैसे दिले. मी शाळेत शिकवते हो. मुलं नवीन शब्द कशी मन लावून म्हणतात ते मला रोज दिसतं.

रोखठोक :

मोगराताई, मलावीचं मला माहीत नव्हतं. आत्ता शोधून वाचलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझा मूळ मुद्दा, की गोऱ्या देशांना यावर बोलायचा अधिकार नाही, तो मी सोडत नाही. पण तो मुद्दा या मुलांच्या काही कामाचा नाही, हे कबूल.

सई_जोबर्ग :

दक्षिण आफ्रिकेतून थोडी भर घालते, कारण इथे कायद्यानं चिनी माणूस 'काळा' आहे!

गंमत म्हणून सांगत नाहीये. १९०४ पासून जोहान्सबर्गजवळच्या रँडच्या सोन्याच्या खाणींत ६३ हजारांहून जास्त चिनी मजूर आणले. काही वर्षांत परत पाठवले. आधीपासून राहिलेले दुकानदार, धोबी तेवढे उरले. ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी हा कायदा आला, तेव्हा गांधीजींच्या सत्याग्रहात चिनी लोकही होते. जानेवारी १९०८ मध्ये तुरुंगातून ट्रान्सवाल सरकारातले मंत्री स्मट्स यांना जे पत्र गेलं, त्याच्यावर तीन सह्या आहेत : गांधी, थंबी नायडू आणि चिनी संघटनेचे ल्युंग क्विन. मला या पत्राचा अभिमान वाटतो आणि सोबत एक टोचणीही आहे. त्या लढ्यात आफ्रिकी माणूस नव्हता. 'आम्हाला त्यांच्यात मोजू नका' हा त्या काळच्या आपल्या मागण्यांचा एक भागच होता, गांधीजींच्या तेव्हाच्या लेखनातही तो आहे.

पुढे अपार्थाइडमध्ये, म्हणजे कायद्यानंच लादलेल्या वर्णभेदाच्या राजवटीत, चिन्यांना 'रंगीत' लोकांच्या पोटगटात टाकलं. गोऱ्यांच्या वस्तीत घर नाही, मतदान नाही. त्याच वेळी व्यापारासाठी आलेल्या जपानी लोकांना 'मानद गोरे' म्हणून मोकळीक. अपार्थाइड संपल्यावर काळ्यांसाठी सवलतींचे कायदे आले, त्यात चिनी राहून गेले. इथल्या चिनी संघटनेनं खटला लढवला आणि १८ जून २००८ रोजी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला की १९९४ च्या आधीपासूनचे चिनी नागरिक या कायद्यांपुरते 'काळे' धरले जातील. माझ्या ऑफिसातली चिनी वंशाची सहकारी सांगते, तिच्या आजोबांना ट्राममधून उतरवलं होतं, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या काळ्या मैत्रिणीनं विचारलं, "आता तू आमच्यातली का? काल कुठे होतीस?"

आणि उलट दिशेनं : २०१७ मध्ये गाढवांच्या कातड्याच्या व्यापारावर टीव्हीवर कार्यक्रम झाला (चिनी औषधासाठी कातडी जातात), तर फेसबुकवर सगळ्या चिन्यांना, त्यांच्या मुलांना मारून टाका इथपर्यंत मजल गेली. संघटना समता न्यायालयात गेली आणि जुलै २०२२ मध्ये ते द्वेषपूर्ण भाषण ठरलं. लिहिणाऱ्यांत सगळ्या रंगांचे लोक होते. पाच वर्षं लागली, पण दार होतं, आणि ते उघडलं.

दारेसलाममधून :

सईताई, "काल कुठे होतीस" हे वाक्य आपल्यालाही लागू आहे. इथल्या जुन्या हिंदी घरांत आफ्रिकी नोकराला 'बॉय' म्हणतात, मग तो साठीचा असो. गुजराती घरांत 'गोलो' हा शब्द मी कानांनी ऐकलाय, त्याचा अर्थ गुलाम. आपली मराठी माणसं एकमेकांत 'काळ्या' म्हणतात आणि मुलांसमोर म्हणतात. एका जेवणावळीत मी हटकलं, तर वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, त्याला मराठी कुठे कळतं?" त्या गाळेवालीला वाटत होतं तसंच. ओगांना कँटोनीज येत होती ना.

म्हापसेकर :

मी हेच लिहायला आलो होतो. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस गोव्यातल्या पर्रा गावात एका नायजेरियनाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी शववाहिका अडवून पर्वरीला हमरस्ता रोखला, तास न् तास. त्यानंतर गावागावांत घरं खाली करून घेतली, पंचायतींनी भाड्यानं खोल्या देऊ नका असं सांगितलं. गोव्याच्या एका मंत्र्यानं नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली आणि मग सारवासारव केली. मारला गेलेला माणूस बाजूला राहिला, रस्ता अडवला एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. माझ्या काकांनीही दोन मुलांना खोली सोडायला लावली. मुलं भाडं वेळेवर द्यायची. मी तेव्हा काही बोललो नाही. आज इथे लिहितोय.

आपल्याकडे तर मलिक अंबर होऊन गेला, जंजिऱ्याचे सिद्दी झाले. पण आमच्याकडे पोरांना घाबरवायला अजून 'हबशी येईल' म्हणतात.

सावली :

म्हापसेकर, हे लिहायला धीर लागतो.

इचलकरंजीकर, मला एक विचारायचंय. रवांडाची बातमी वाचली, एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयानं खाणीवरच्या एका चिनी व्यवस्थापकाला वीस वर्षांची शिक्षा दिली, कामगारांना खांबाला बांधून फटके मारल्याबद्दल. मग चिनी दूतावासानं आपल्या लोकांना कायदे पाळायला बजावलं. म्हणजे आफ्रिकेत आफ्रिकी सरकारनं ठरवलं तर होतं. पण चीनमध्ये असलेल्या आफ्रिकी माणसासाठी काय? २०१८ मध्ये तिथे ८१ हजारांहून जास्त आफ्रिकी विद्यार्थी होते म्हणतात. त्यांनी कुठे जायचं?

इचलकरंजीकर :

सावली, खरं सांगतो, मी असताना तरी अशी जागा मला दिसली नाही. जुलै २००९ मध्ये पोलीस व्हिसा तपासायला आले म्हणून एक नायजेरियन इमारतीवरून उडी मारताना जबर जखमी झाला, तेव्हा शेकडो आफ्रिकी लोकांनी ग्वांगझौच्या पोलीस ठाण्याला घेराव घातला होता. २०१२ ला पोलीस कोठडीत एकाचा मृत्यू झाला, तेव्हा पुन्हा रस्ता अडवला. म्हापसेकरांचं पर्वरीचं वाचून मला तेच आठवलं. रस्ता अडवतो तो माणूस, ज्याला ऑफिसात बसवून कोणी ऐकून घेत नाही. रविवारी शिशी कॅथेड्रलमध्ये इंग्रजी प्रार्थना असायची, ती आफ्रिकी लोकांनी भरलेली असायची. तिथे पायऱ्यांवर एकमेकांचे कागद, व्हिसाच्या तारखा, घरमालकांच्या गोष्टी चालायच्या. तेवढंच काय ते ऑफिस.

रोखठोक, चिनी माणसं वाईट असं मी म्हणत नाही हो. ओगा हॉटेलात होते तेव्हा चिनी विद्यार्थ्यांचा एक गट भाजी, पाणी, दूध घेऊन आफ्रिकी लोकांना वाटत फिरत होता, स्वतः पकडले जाण्याची भीती असताना. आमच्या खालच्या नूडलवाल्यानं मला विचारून ओगांसाठी डबा भरून दिला होता. मी तो हॉटेलच्या फाटकापर्यंत नेला, आत घेतला नाही.

मोगरा_नैरोबी :

ओगांचं पुढे काय झालं, ते सांगा ना.

इचलकरंजीकर :

मोगराताई, तेवीस दिवसांनी परत आले. दोन्ही चाचण्या निगेटिव्ह. दारावरचा कागद मीच त्यांच्याबरोबर नखानं खरवडून काढला, खळ सुकून घट्ट झाली होती. आत शिरलो तर वास. त्या रात्री त्यांनी इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात लावला होता, तो तसाच राहिला. झाकण उघडलं तर हिरवी-काळी बुरशी काठापर्यंत, आणि पाणी झिरपून ओट्यावर तपकिरी डाग. ओगा बराच वेळ बघत राहिले, मग कुकर पिशवीत घालून खाली टाकून आले.

जूनमध्ये घरमालकानं भाडेकरार वाढवला नाही. कारण सांगितलं नाही, ओगांनी विचारलं नाही. अनामत परत देताना ओट्यावरच्या डागाचे म्हणून तीनशे युआन कापले, तशी पावती दिली. ऑक्टोबरात ते लागोसला गेले. आता व्हीचॅटवर (चिनी व्हॉट्सॲपच म्हणा) फोटो बघून माल मागवतात, ती सानयुआनलीची गाळेवालीच अजून त्यांचा माल बांधते. जाताना त्यांनी एक फाइल माझ्याकडे ठेवली, पुन्हा आलो तर लागेल म्हणून. व्हिसाच्या प्रती, कार्गोची बिलं. मी २०२२ ला चंबूगबाळं आवरून घरी आलो, तेव्हा ती सोबत आणली. ती पावती त्यात आहे.